हाकाताला ती परत जाणार होती

आम्ही नवरा-बायकोने मिळून शेवटचं केलं ते काम म्हणजे खारका फोडायचं. लोक विचारतात, शेवटी काय बोलल्या? काय बोलणार? "बियेसकट कुटू नका, पोरीचे दात पडतले," असं बोलली. झालं.

मस्कतजवळ अल खौदला मुलाच्या घरी, स्वयंपाकघरात खाली पेपर पसरून आम्ही बसलो होतो. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. ओमानात खजुराला तोटा नाही, पण हिला खारीकच हवी. बाळंतिणीच्या लाडवात खजूर चालत नाही म्हणे. मी हातोडीने फोडत होतो, ती बिया काढत होती. एक खारीक उडून फ्रिजखाली गेली.

"सुतार म्हणवतात आणि खारीक फोडूक येयना," ती म्हणाली.

"लाकूड उडत नाय गो."

मग कंबर धरली म्हणून आत जाऊन पडली. चहाच्या वेळेला उठवायला गेलो तर उठली नाही.

ते लाडू लेकीसाठी होते. आमची लेक जपानात असते, नवऱ्याच्या नोकरीपायी. तिला आठवा महिना चालू होता. पुढच्या आठवड्यात ही तिच्याकडे बाळंतपणाला जायची होती, एकटीच. विमानात बसायची तिला भीती होती, पण बोलून दाखवायची नाही. मी जाणार नव्हतो. बाळंतपणात पुरुषाचं काय काम, असं मीच म्हटलं होतं आणि तिलाही ते पटलं होतं. आता तीच गेली. लेकीकडे कोण जाणार, हा प्रश्न त्याच संध्याकाळी घरात येऊन बसला. त्याचं सांगतोच. पण त्याआधी लेकीचं ते शहर सांगायला हवं. दोघं मिळून आम्ही फिरायला म्हणून गेलो ते आयुष्यात एकदाच, आणि तेही तिथेच.

माझी जन्माची नोकरी ओमानातच, सूरच्या बंदरात झाली. गलबतं बांधायच्या कारखान्यात सुतार होतो. ती गावाला, मालवणच्या बाजूला, पोरं आणि सासू सांभाळत. मी दोन वर्षांनी एकदा जायचो. मुलगा शिकून मस्कतला लागला, त्याने आम्हा दोघांना इकडे आणलं, तेव्हा कुठे आमचा संसार सुरू झाला. तोवर माझे केस पांढरे झाले होते. म्हणून लेकीने तिकिटं पाठवली तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

त्या शहराचं सरकारी नाव फुकुओका. पण खाण्याचा विषय निघाला की सगळे हाकाता म्हणतात, ते बंदराकडच्या जुन्या भागाचं नाव. समुद्र आहे, होड्या आहेत, मासळी आहे. पहिल्या दिवशी धक्क्यावर उभी राहून हिने नाकाने वास घेतला आणि म्हणाली, "ह्या तर आपलाच." मी होड्या बघत होतो. सगळ्या फायबरच्या. एक लाकडी दिसली तिचे सांधे वाकून बघत बसलो, तर आतला म्हातारा बाहेर आला. त्याने हात दाखवला, मी हात दाखवला. दोघांच्याही हाताला घट्टे. बोलणं तेवढंच. ही मागून म्हणाली, "जपानात येवन पण सुतारच बघूक मेळलो तुमका."

मासळी बाजारात हिने मला लाज आणली. तिथे सगळं कसं मांडलेलं, बर्फावर एकेक मासा झोपवलेला, कोणी हात लावत नाही. ही सरळ गेली, एक मासा उचलला, कल्ला उघडून बघितला, बोटाने पोट दाबलं. दुकानवाली बघतच राहिली. लेक म्हणाली, "आई, खाली ठेव! इथे असं नाही करत!"

"मगे ताजो काय ता कळताला कसा?"

"ताजाच असतो."

"असा सगळेच सांगतत."

शेवटी तोच मासा घ्यावा लागला. ताजाच निघाला. ही दोन दिवस त्याचं कौतुक करत होती, जसा काही तिनेच पकडला.

पण खरी गोष्ट नूडलची. ते शहर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. संध्याकाळी नदीच्या काठाला हातगाड्या लागतात, कापडी पडदे सोडलेल्या, आत सात-आठ माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी जागा. लेक आणि जावई आम्हाला तिथे घेऊन गेले. समोर मोठ्ठं पातेलं, त्यात रस्सा रटरटतोय. म्हातारा मालक, डोक्याला फडकं बांधलेलं. बाजूला त्याची बायको भांडी विसळत होती आणि न बघता त्याला काय हवं ते हातात देत होती. हिने ते बघितलं आणि मला कोपर मारलं. म्हणजे काय, ते मला कळलं. आम्ही जन्मभर असं कधी एकत्र काम केलं नव्हतं.

वाडगे आले. दुधासारखा पांढरा रस्सा, त्यात बारीक शेवया. ही म्हणाली, "अगो, हे तर शिरवाळे!" आमच्याकडे शिरवाळे करतात, तांदळाच्या पिठाच्या शेवया नारळाच्या रसात. तिला वाटलं, तसंच गोड. एक घोट घेतला, गोड नव्हता. मग वाडगा तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"कशाचो गो रस्सो ह्यो?"

लेकीने जावयाकडे बघितलं. जावई पातेल्याकडे बघायला लागला.

"आई, तुला आवडला ना?"

"आवडलो म्हणान तर इचारतंय."

"डुकराच्या हाडांचा."

मला वाटलं, आता उठते. आमच्या घरात मासे, कोंबडी, मटण, सगळं चालतं. डुक्कर कोणी कधी शिवलं नव्हतं, आणि ओमानात तर त्याचं नावही निघत नाही. तिने रिकामा वाडगा तिरका करून आत बघितलं.

"मगे इतको पांढरो कसो?" ती म्हणाली.

जावई म्हणाला, "रात्रभर उकळतात, आई."

"आज सोमवार नाय मा?"

"नाही. गुरुवार."

"मगे झाला." आणि माझ्याकडे वळून, "गावाक गेल्यार तोंड उघडलास तर बघा."

आता तिथली पद्धत अशी, की शेवया आधी संपवायच्या, रस्सा ठेवायचा, आणि भूक असेल तर शेवया परत मागायच्या. त्याला ते काएदामा म्हणतात. मालक उकडलेल्या शेवया आणून तुमच्या उरलेल्या रश्श्यात टाकतो. जावयाने आमच्यासाठी तो मागवला. हिच्या वाडग्यात रस्साच नव्हता. आमच्याकडे ताटात टाकत नाहीत, तिने सगळा पिऊन टाकला होता. मालक शेवया घेऊन आला, रिकामा वाडगा बघितला, थबकला. मग काही न बोलता त्याने पळीभर रस्सा ओतला आणि वर शेवया सोडल्या.

हिला वाटलं, आग्रह करतोय. पंक्तीत आग्रहाने वाढलेलं पानात टाकलं तर वाढणाऱ्याचा अपमान. तिने ते सगळं खाल्लं, रस्सा पुन्हा पिऊन टाकला. वाडगा चाटून पुसून लखलखीत. तोवर जावयाने स्वतःसाठी मागवलेल्या शेवया आल्या. मालकाला वाटलं त्या हिच्याच. पुन्हा रिकामा वाडगा. पुन्हा पळी. त्याला वाटत असणार, ही बाई रस्सा मागतेय. हिला वाटत होतं, हा माणूस ऐकतच नाही. मालकाच्या कपाळावर घाम, हिच्याही.

"त्याका सांग गो बस झाला म्हणान," ही लेकीला म्हणाली. "माझा प्वाट फुटतला."

लेक इतकी हसत होती की तिला जपानी सुचेना. डोळ्यांतून पाणी. जावई बोलायला गेला तर हिने त्याला थांबवलं. "रवांदे. आग्रह करता तो. नाय म्हटल्यार त्याका वायट वाटात."

तिसरा वाडगाही तिने संपवला. मी सांगतो, पुरुषांना जमणार नाही. संपवून तिने वाडग्यावर हात आडवा धरला, जसा आपण पानावर धरतो. तो हात मात्र मालकाला कळला. त्याने बायकोला हाक मारली, दोघांनी मिळून हिला वाकून नमस्कार केला. हिनेही बसल्या जागी हात जोडले. शेजारची माणसं टाळ्या वाजवायला लागली. माझी बायको उभ्या जन्मात टाळ्या वाजवण्याइतकी कोणाला दिसली नव्हती. मला ते बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. इतकी वर्षं मी सूरला काय करत होतो?

महिनाभर राहिलो. त्या गाडीवर आणखी चार-पाचदा गेलो. सोमवार सोडून. निघताना विमानतळावर लेक रडली, तेव्हा हिने तिला सांगितलं, "रडतंस कित्याक? तुझ्या बाळंतपणाक मी येतलंय. बापूस येवंदे नायतर नको येवंदे."

पुढच्याच वर्षी लेकीला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात पोटातलं गेलंसुद्धा. फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. जावई दौऱ्यावर, ती दवाखान्यात एकटी. ही फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, डॉक्टर चांगले आहेत तिकडे. तर म्हणाली, "डॉक्टर आसतले. पण तिका पेज कोणी दिली असात?" एवढंच. नंतर कित्येक दिवस जेवायला बसली की मध्येच थांबून तेच विचारायची. म्हणून या खेपेला कळल्या दिवसापासून तिचं एकच चाललं होतं, मी आधीच जाऊन बसणार.

आणि ती गेली ती अशी.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. इकडे मेल्यावर कागदपत्रं फार. मुलगा पोलीस, दवाखाना असा धावत होता. लेकीला फोन मीच केला. दुसऱ्या कोणाला करू दिला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मला येऊ देत नाहीयेत. डॉक्टर नाही म्हणतायत."

"येव नको. तू थयच रव."

"बाबा..."

"बोल."

बोलली नाही. तिला विचारायचं होतं आता कोण येणार, आणि आई मेल्या दिवशी ते विचारायची तिला लाज वाटत होती. मला ऐकू आलं. म्हातारा झालो म्हणून काय बहिरा नाही झालो.

"मी येतंय," मी म्हटलं.

मुलगा रात्री जेवणं झाल्यावर जवळ बसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही तिथे जाऊन काय करणार? तुम्हाला चहा सोडून काही येत नाही."

"चहा करीन."

"तेरा दिवस तरी होऊ देत. मग बघू."

"तेरा दिवस, मग व्हिसा. तोवर ती बाळंत होईल. मग कोणाला बघू?"

सून दारात उभी होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना त्यांना. पेज करायची मी शिकवते." सुनेला मी आजवर फारसं चांगलं कधी म्हटलं नाही. त्या वेळी मनात म्हटलं.

इकडे मराठी मंडळातले एक वयस्क गृहस्थ असतात, सगळ्यांच्या मरणाला तेच उभे राहतात. त्यांनी सांगितलं, परवा सोहारच्या हिंदू स्मशानात न्यायचं, अग्नी तुम्ही द्या, आणि त्याआधी डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवावं लागेल. मी हो म्हटलं. तिच्यासाठी मिशी काय मोठी. पण मग मनात आलं, व्हिसाला फोटो लागतो. पासपोर्टात मी मिशीवाला. बाप वारला तेव्हा गावाहून तसाच बोडका परत आलो होतो, तर विमानतळावरच्या पोलिसाने पासपोर्ट एकदा बघावा, मला एकदा बघावं, असं करत मला बाजूला बसवून ठेवलं होतं. जपानी लोक तर त्याहून काटेकोर. मिशी उगवायला मला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि चपला पायात सरकवल्या. हॉलमध्ये माणसं बसली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, कुठे?"

"फोटो काढूक."

"आज? लोक काय म्हणतील?"

"म्हणांदे. उद्या मिशी नसतली."

खाली रस्त्याच्या कोपऱ्यावर केरळच्या माणसाचा स्टुडिओ आहे. तो नुकताच शटर वर करत होता. उदबत्ती लावून होईपर्यंत मी बाहेर थांबलो. मग त्याने मला पांढऱ्या पडद्यापुढे स्टुलावर बसवलं.

"कौन सा कंट्री, चाचा?"

"जपान."

"घूमने?"

"बेटी की डिलिव्हरी है."

"माशाल्ला. चाची भी जाएगी? उनका भी निकाल देते हैं, साथ में."

मी म्हटलं, "मेरा निकालो." 

त्याने फोटो काढला. मशीनमध्ये बघून मान हलवली. डोळे लाल आहेत, सुजलेत, असा फोटो एम्बसी घेणार नाही, म्हणाला. मागे बेसिन आहे, तोंड धुऊन या. मी मागे गेलो. गार पाण्याने तोंड धुतलं, डोळ्यांवर पाणी मारलं, सदऱ्यानेच पुसलं. मग परत येऊन स्टुलावर ताठ बसलो.