इंदोऱ्याच्या यशोदाताईंचं नेट

यशोदाताई गेल्याची तार माझ्याच हातून उतरली. चंद्रपूरच्या तारघरात मी ड्यूटीवर होते. नागपूरची लाइन वाजू लागली तशी सवयीनं पेन्सिल उचलली. आम्हा तारवाल्यांचे कान आणि हात आपलं काम करत राहतात, मजकूर मागाहून कळतो. पत्त्यात माझंच नाव निघालं तेव्हा थबकले... मग ताईंचं नाव, आणि शेवटी त्यांच्या यजमानांचं, वामनरावांचं. ज्यांनी मला मोर्स शिकवलं, त्यांच्या जाण्याची बातमी मी मोर्समध्येच घेतली. याला आता दीड महिना झाला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरच्या तारघरात लागले. नव्या मुलींना तयार करायचं काम ताईंकडे होतं. मोर्स म्हणजे आखूड आणि लांब आवाजांची अक्षरं. आम्ही ती कागदावर टिंबं-रेघा काढून पाठ करायचो, तर ताई कागदच काढून घ्यायच्या. “काढू नको वं, गुणगुण,” म्हणायच्या. मी घरी भाकऱ्या थापताना गुणगुणू लागले आणि महिनाभरात माझे कान उघडले. कामठीच्या छावणीतले एक सुभेदार तार करायला यायचे. त्यांच्याकडून ताईंना हौशी रेडिओची माहिती मिळाली. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, घरीच यंत्र बांधायचं आणि दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं. ताईंना याचं वेडच लागलं. लष्करी भंगारातून रेडिओचे व्हॉल्व्ह आले, औषधाच्या रिकाम्या डबीवर तांब्याची तार गुंडाळली गेली. वामनराव गिरणीत मागावर होते. त्यांनी सुट्टीच्या दिवशी नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरावर बांबू उभारून अँटेना ताणली. परवान्याच्या चौकशीला पोलीस आला. बाईमाणसाला हे यंत्र कशाला हवं, असं त्यानं विचारलं तेव्हा वामनराव शांतपणे म्हणाले, “तिले बोलाचं असते साहेब, अन् मी तर दिवसभर गिरणीत राहतो.”

रोज सकाळी चहाच्या वेळेला देशभरचे हौशी एकाच जागी, म्हणजे रेडिओच्या एकाच आकड्यावर, जमायचे. त्या जमण्याला ते नेट म्हणत. मद्रासच्या माणसाला डेहराडूनचा आवाज पोचत नसे, पण मधल्या नागपूरला दोन्ही ऐकू येत. ताई इकडचं तिकडे सांगू लागल्या आणि बघता बघता नेट त्यांच्या हाती आलं. कोणाचा व्हॉल्व्ह जळालेला असे, कोणाकडे जास्तीचा असे; तो पार्सलनं रवाना व्हायचा. कोणी आपल्या यंत्राची जोडणी तोंडी सांगे आणि पाच गावांतली पाच माणसं ती ऐकून कागदावर काढत. इरोडचे नटराजन कापडाचे दुकानदार. त्यांचा पहिला ट्रान्समीटर नुसता घूं घूं करायचा. आज हे बदला, उद्या ते तपासा, असं करत सगळ्यांनी मिळून त्यातला दोष हवेतल्या हवेत शोधून काढला. ताईंना एखादी गोष्ट येत नसली तर त्या सरळ तसं सांगायच्या आणि “कोणाले येते?” म्हणून नेटवर विचारायच्या. रविवारी यंत्राच्या खोलीतच वस्तीतल्या पोरापोरींचा वर्ग भरायचा. मलाही ताईंनी तिथूनच परीक्षेला बसवून परवाना मिळवून दिला. छप्पन साली सासरच्या माणसांबरोबर दीक्षा घेतलेल्या ताईंना ऑफिसात काय काय ऐकावं लागे, ते मी पाहिलं होतं. एकदा मी विचारलं, की या यंत्रात एवढं काय आहे? त्या म्हणाल्या, “तिथं कोणी आडनाव पुसत नाही वं. तू कोण, अन् आवाज कसा येऊन राहिला, एवढंच पुसतात.”

मग घशाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, पण आवाज गेला. ताई घरी आल्या त्या पाटीवर लिहूनच बोलू लागल्या. रेडिओवर त्यांनी जुनी चादर टाकून ठेवली. माझी तोवर चंद्रपूरला बदली झाली होती; तिथून भेटायला गेले तेव्हा वामनराव दारातच हळू आवाजात म्हणाले, “विकून टाका म्हणून राहिली. गिऱ्हाईक पाहाले सांगते मले.” मी पाटी घेऊन ताईंजवळ बसले. त्यांनी लिहिलं, ‘मुक्या बाईचं नेटवर काय काम?’

नेटवरच्या लोकांना निदान कळवावं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी चादर काढली आणि माझ्या परवान्यावर बोलले. ताई आता बोलू शकणार नाहीत, एवढंच सांगितलं. उत्तरादाखल मोर्स ऐकू आलं. अडखळत, चुकत, एक अक्षर दोनदा पाठवत कोणीतरी हिंदीत विचारत होतं, ‘दीदी, कैसी हो?’ ते नटराजन होते. मोर्स सगळ्यांनी परीक्षेपुरतं शिकून केव्हाच सोडून दिलेलं. ताई आतून आल्या. हात ओले होते, ते पदराला पुसले, मला खुर्चीवरून उठवलं आणि मोर्सच्या कीवर बोटं ठेवली. तारघरातला वेग तो. नटराजनना त्यातलं अक्षरही लागेना. त्यांनी कळवलं, ‘हळू. मी विसरलोय. पुन्हा शिकवा.’ ताईंचे खांदे हलताना पाहून मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या, बिनआवाजाचं.

पुढे ताईंसाठी रविवारचं नेट मोर्समध्येच भरू लागलं. माणसं घरी सराव करून यायची, ताई त्यांच्या चुका सुधारायच्या, आणि नवीन माणूस आला की सगळे आपला वेग कमी करायचे. आवाज गेल्यावरही ताई आणखी चार वर्षं शिकवत राहिल्या. आम्ही त्यांना आधार दिला असं कोणी म्हणालं तर मला पटत नाही. शिकत तर आम्हीच होतो.

पुण्यानुमोदनाला मी इंदोऱ्याला गेले आणि रविवारपर्यंत राहिले. सकाळी वामनरावांनी रिसीव्हर लावला आणि दोन कप चहा घेऊन आले. रविवारचं नेट मोर्समध्येच चाललं होतं. कोणीतरी संथपणे पाठवू लागलं. मी अक्षरं जुळवतेय तोवर वामनराव म्हणाले, “नटराजन आहे हा.”

मी चकित होऊन विचारलं, “भाऊजी, तुम्हाला मोर्स येतं?”

“अक्षरं नाही येत मले,” ते म्हणाले. “पण ती ऐके तवा मीही बसत होतो ना बाजूले. एकेकाचा हात, कोण कसं वाजवते ते, ओळखू येते.”

थोड्या वेळानं त्यांनी कप खाली ठेवला आणि नटराजन काय म्हणून राहिला ते सांग म्हणाले. मी सांगू लागले, तर त्यांनी मला थांबवलं. “असं नको,” ते म्हणाले. “एकेक अक्षर सांग. गुणगुणून.”