मेढे टाकले की मागे पाहायचं नसतं

आम्हाला आमच्या लेकरांची काळजी नव्हती, असं हल्ली फार ऐकून घ्यावं लागतं. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण बोलण्याचा रोख तोच. तुमच्या वेळी चालून जायचं, म्हणतात. चालून जायचं म्हणजे काय? लेकरं काय आम्हाला रस्त्यावर सापडली होती?

हिंगणीला आमचं किराणा दुकान. नव्वदच्या आसपास माझी लेक आठ-नऊ वर्षांची होती. सकाळची शाळा करून आली, भाकर खाल्ली, की गेली. कुठे गेली ते मी विचारत नसे, आणि तरी मला ठाऊक असे. नाल्यावर असली तर धुणं धुणाऱ्या बाया बघत असायच्या. चिंचेखाली असली तर समोरच्या सुताराची नजर. शेताकडे गेली असली तर तिकडून येणारं गिऱ्हाईक तेल घेता घेता सांगायचं की तुमची पोरगी अमक्याच्या धुऱ्या-बांधावर बोरं वेचून राह्यली. मी गल्ल्यावर बसल्या बसल्या तिच्यामागे गावभर फिरत होते म्हणा ना. कोणाच्याही घरी जेवायची, कोणाच्याही हातचा धपाटा खायची. धपाटा घालणारी संध्याकाळी दुकानात येऊन स्वतःच सांगायची, आज पेरूच्या पार शेंड्यावर गेलती तुमची बाई, एक ठेवून दिली. मी म्हणायची, बरं केलं.

दिवाळीनंतर घरात कापूस भरलेला असायचा. त्या खोलीत गल्लीतली दहा-बारा पोरं आढ्यावरून उड्या मारायची. संध्याकाळी सगळी पांढरी होऊन बाहेर यायची, अंगभर खाजवत. मी आंघोळीला पाणी तापवायची आणि शिव्या द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा तिला सेलूला मावशीकडे पाठवायचं होतं. एसटीत बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, भाऊ, इले सेलूले उतरवून देजा. झालं. बाईसाहेब झोपल्या. गर्दीत कंडक्टरचंही लक्ष राहिलं नाही, आणि ती थेट वर्ध्याच्या डेपोत पोचली. त्या माणसाने तिला कँटीनमध्ये आलुबोंडा खाऊ घातला, परतीच्या गाडीत आपल्या शेजारी बसवलं आणि सेलूच्या स्टँडवर मावशीच्या हाती दिली. ही गोष्ट माझी लेक आजही चार लोकांत हसून हसून सांगते. आलुबोंड्याबरोबर मिरची होती, तेसुद्धा सांगते.

आणि तीच लेक आपल्या पोरीला जिना उतरून खाली एकटीला पाठवत नाही!

विसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, वर्ध्याला. फ्लॅट आहे, तिसरा माळा. नात सात वर्षांची झाली तेव्हाची, म्हणजे दोन हजार नऊच्या सुमाराची ही गोष्ट सांगते आहे. त्या लेकराचा दिवस मी पाहिला आहे. शाळेची व्हॅन दारातून नेते, दारात आणून सोडते. ट्यूशन त्याच बिल्डिंगमध्ये. संध्याकाळी अर्धा तास खाली खेळणं, तेही आई बाकावर बसलेली. पडशील. हळू. घाम आला. ते हात लावू नको. मी शेजारी बसून ऐकत होते. मला वाटलं, त्या पोरीच्या जागी मी असते तर चिडून मुद्दाम पडले असते.

त्या वर्षी पोळ्याला लेक नातीला घेऊन आली. सासरी पाहुणे होते, म्हणून तिला लगेच परतावं लागणार होतं. नात रडली, मला राहायचं. शेवटी दोन दिवस तिला माझ्याजवळ ठेवायचं ठरलं. पहिल्यांदाच, आईशिवाय. लेक म्हणाली, हे दोन दिवस नीट गेले तर दिवाळीच्या सगळ्या सुट्या आजीकडे. नातीचे डोळे असे चमकले की काय सांगू. माझेही चमकले असतील. घरात आम्ही दोघंच, मी आणि हे. पोरीचा आवाज घुमला नाही तर दिवाळी कशाची?

सोबत पिशवी आली. उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या, मच्छरांचं मलम, टोपी, आणि एक कागद. कागदावर काय काय करायचं नाही ते लिहिलेलं. ज्या घरात ती स्वतः वाढली त्या घरात काय करायचं नाही, ते मला लिहून दिलं. मी तो कागद घडी घालून डब्याखाली ठेवला.

आता आमच्याकडची रीत सांगते. पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी गावातली लेकरं घरोघरचे मेढे ओढत शिवेवर नेतात आणि नाल्यापलीकडे फेकून देतात. जाताना मारबतीला, म्हणजे इडापिडा नेणाऱ्या बयेला, ओरडून सांगायचं, खोकला-खाज घेऊन जाय गे मारबत, ढेकूण-मच्छर घेऊन जाय गे मारबत. ज्याला जे नको असेल ते त्यात घालायचं. पोरं गणित घालतात, मास्तर घालतात. हे काम पोरांचंच. मोठ्या माणसांनी सोबत जायचं नसतं. आणि आमच्या गल्लीत एक नियम होता, की मेढे टाकले की मागे वळून न पाहता घरी यायचं. मागे पाहिलं तर रोगराई पुन्हा पाठीशी लागते.

सकाळी पोरं दारात आली. नात उठून उभीच होती. मी तिला नियम सांगितला, हातात फांदी दिली आणि पाठवलं. अनवाणी. पावसाचे दिवस, जमीन ओली. ती फांदी तिच्याहून उंच होती. गल्लीच्या वळणावर तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला. ट्यूशन घेऊन जाय गे मारबत, म्हणत होती. हे ओट्यावर बसून हसले. मीही हसले आणि उंबरा धुवायला घेतला.

तेवढ्यात लेकीचा फोन. उठली का, काय करते आहे? मी खोटं बोलले नाही. म्हटलं, मेढे टाकायला गेली पोरांसोबत. तिने विचारलं, "मोठं कोण आहे सोबत?"

मी म्हटलं, "मेढ्यांसोबत मोठं माणूस कधी गेलं आहे, बाई? तू गेलतीस तेव्हा मी आलते का?"

तिने फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी पोरं परत आली. माझी नात नव्हती.

पोरांना विचारलं तर सगळी एकमेकांकडे पाहायला लागली. ती पुढे होती, म्हणाली. सगळ्यात आधी तिनेच फेकले आणि सगळ्यात आधी चालायला लागली. पोरं मागून बाभळीजवळ गावाकडे वळली. ती सरळ गेली असेल. हाका मारल्या, तर वळूनच पाहिलं नाही.

का पाहील? मीच सांगितलं होतं ना, मागे पाहायचं नाही! गावची पोरं हा नियम अर्धा पाळतात, एक डोळा मागे ठेवतातच. आमच्या बाईंनी शहराच्या शाळेत पाळतात तसा अक्षरशः पाळला. बाभळीजवळ वळायचं असतं, हे मी सांगायला विसरले. का विसरले, तर इथल्या लेकराला ते कधी सांगावंच लागलं नाही. पाठवणं चूक नव्हतं, आजही म्हणते. न सांगणं चूक होती, ती माझी.

सरळ जाणारी वाट बोर धरणाच्या जंगलाकडे जाते. मी घाबरले, हेही लिहिते. लपवून काय करू? दुकान उघडं टाकून हे सायकलवर निघाले, पोरं धावली, सुताराचा मोठा मुलगा मोटरसायकलवर गेला. मी दारात उभी. असा अर्धा तास कोणाच्या वाट्याला येऊ नये.

ती आली. तिच्या एका हातात मूठभर भुईमुगाच्या कच्च्या शेंगा, दुसरा हात आमच्या मामीच्या हातात. मामी म्हणजे जंगलाकडच्या शेतात राहणारी गोंड घरातली बाई. आपल्या घरात त्यांची बोली बोलते, आमच्याशी वऱ्हाडी. साऱ्या गावची पोरं तिला मामी म्हणतात. माझ्या लेकीचं अर्धं लहानपण तिच्या धुऱ्यावर गेलं आहे.

मामी म्हणाली, "मागून इतकी बोंबलली मी, पोरगी वळते कायची? शेवटी तुरीतून आडवी धावली आन् समोर जाऊन उभी राह्यली. मले म्हणते, बाजूले व्हा, घर येतपर्यंत थांबायचं नाई."

आम्ही सगळे हसलो. अंगातून भीती निघाली की माणूस हसतंच. मामीने तिचे पाय धुतले होते, बिनदुधाचा चहा पाजला होता. मी चूल पेटवली. मामीला म्हटलं, कालची पुरणपोळी आहे, बस.

ती घास तोंडात घालते तोच गाडी येऊन उभी राहिली. जावई आणि लेक. पाहुणे घरात टाकून आले होते. लेकीने पोरीला उचललं, पाय पाहिले, हात पाहिले, कपाळ पाहिलं. काय झालं ते ऐकलं. इथपर्यंत मला राग नाही. आई आहे, घाबरली.

पण मग ती मामीकडे वळली आणि म्हणाली, "कोणतं पाणी होतं चहाचं? विहिरीचं? उकळलं होतं नीट?"

मामीचा घास हातातच राहिला. ती माझ्याकडे पाहायला लागली. मग ताट सरकवून उठली, पदर सावरला आणि म्हणाली, चहा उकळल्याबिगर होतो का, बाई? आणि गेली. तीही मागे न पाहता.

जावई बिचारे खाली पाहत उभे राहिले. लेक मला म्हणाली, "दिवाळीला नाही पाठवत मी. तुझ्या भरवशावर ठेवली होती."

नातीने आईचा हात ओढला, म्हणाली, मी नियम पाळला ना.

तेव्हा मात्र मी बोलले. मी म्हटलं, "नको पाठवू. पण जिनं तुझी पोर हाताला धरून आणली, तिले तू पाणी कोणतं म्हून इचारलंस. तिच्या झोपडीत तू तापानं फणफणली होतीस, दिवसभर तिच्या मांडीवर पडून होतीस. तिच्या दारी जाऊन येशील, मंगच माह्या दारी येजो."

गाडी निघून गेली. हे म्हणाले, फार बोललीस. बोलले असेन. आपल्या हाताने मी माझी दिवाळी घालवली. ती तशीच गेली. चिवडा केला, खायला कोणी नाही. फोनवर नात विचारायची, आजी, येऊ का? मी म्हणायची, आईले विचार. अशा वेळी आपला राग आपल्यालाच किती जड होतो, ते ज्याचं त्याला ठाऊक. तरी मी वाकले नाही.

कारण हे पाण्याचं नव्हतंच. आजच्या आयांना वाटतं की त्या लेकरांना आमच्याहून जास्त जपतात. जपतात, मी नाकारत नाही. पण कोणापासून? आम्ही लेकरू गावाच्या हवाली करत होतो, म्हणून ते मोकळं होतं. मला काळजी नव्हती म्हणून नव्हे. चाळीस घरांत ती वाटलेली होती, म्हणून माझ्या एकटीच्या डोक्यावर तिचं ओझं नव्हतं. आता तिसऱ्या माळ्यावर समोरच्या दारात कोण राहतं ते लेकीला ठाऊक नाही. सगळी काळजी तिच्या एकटीच्या अंगावर. मग ती पोरीच्या मानगुटीवर बसणार नाही तर काय करणार? आणि एवढं असूनही मामीसारखी कोणी स्वतःहून ते ओझं उचलायला आली, तर तिलाच चोरासारखी तपासायची. याचा मला राग आहे. अजूनही आहे.

हिवाळ्यात, तुरीला शेंगा भरल्या तेव्हा लेक आली. एसटीने, नातीला घेऊन. स्टँडवरून घरी आलीच नाही. दुकानात येणाऱ्या एका बाईने सांगितलं, तुमची पोरगी जंगलाकडच्या वाटेनं जाऊन राह्यली. मी ओट्यावर येऊन बसले. उठून पाहायला गेले नाही. तासभर झाला, दीड तास झाला.

मग दोघी येताना दिसल्या. लेकीच्या पदरात हिरव्या तुरीच्या शेंगा होत्या. डोळे सुजलेले होते, तोंड मात्र हलकं झालेलं होतं. मामी काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दिवाळीचंही कोणी काढलं नाही. लेक म्हणाली, चार दिवस पोरीला ठेवून जाते. मी म्हटलं, बरं.

रस्ता रिकामा होता, एक बैलबंडीसुद्धा नव्हती. तरी, नातीने मागून सांगितलं, स्टँडपासून मामीच्या शेतापर्यंत आणि शेतापासून आमच्या ओट्यापर्यंत लेकीने पोरीचा हात सोडला नव्हता. ओट्याची पायरी चढतानाही धरून होती. त्याबद्दल बोलायला माझ्या तोंडाशी आलं होतं. पण शेंगा उकडायला ठेवल्या, मीठ घातलं आणि त्या दिवशी गप्प बसले.