हिंगण्यात स्फोट, शेवटपर्यंत बघा
जळक्या रबराचा वास आला की ती दुपार आठवते. आठवीत शाळा सोडून मी मराठवाड्यातून हिंगण्याच्या टायर कारखान्यात आलो, त्याचं ते पहिलं वर्ष. कामावर जाताना फोन फाटकावर जमा करावा लागे. त्या दुपारी वॉचमनकाका स्वतः माझा फोन घेऊन मशीनपाशी आले. “लगन जमलं का तुहं? सकाळपासून फोन वाजून राहिला. बोलून घे गा, साहेबाले मी सांगतो.” त्यांचे ते उपकार मी विसरलो नाही. फोन लावला तर आई म्हणाली, “खरं सांग, तूच बोलायलास का?” कुणीतरी तिला व्हिडिओ दाखवला होता, वर लाल अक्षरांत ‘हिंगण्यात स्फोट, कोण कोण गेलं बघा.’ मी फोन उचलेना, म्हणून घरात चूल पेटली नव्हती. माणूस गेलेल्या घरी नेतात तशी पिठलं-भाकरी घेऊन शेजारणी येऊन बसल्या होत्या. “मी आहे, तू जेव,” एवढंच बोललो. रडू आलं नाही. मग तिथंच उभ्यानं तो व्हिडिओ लावला. धूर भलत्याच गावचा होता, नाव एकाचंही नव्हतं. हिंगण्यात काही झालेलं नाही हे मला ठाऊक होतं, तरी कोण गेलं ते कळेल म्हणून मी शेवटपर्यंत बघत राहिलो. आजही अशी लाल अक्षरं दिसली की आधी ती उघडतो, आईला फोन नंतर करतो.