न जाळलेला तुकडा

वरकुट्याजवळच्या माळावर मी वनखात्याच्या रोजंदारीवर होते. उन्हाळ्याआधी माळाच्या कडेनं गवताचा एक पट्टा आपणच जाळून टाकायचा, म्हणजे बाहेरची आग आत शिरत नाही. आमच्यातले सर्वांत जुने मजूर, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, काडी लावण्याआधी मला पुढं पाठवायचे. रिकामा डबा बडवत चालायचं, म्हणजे आतले जीव पळून जातात. सरडे, उंदीर, एखादी घोरपड पळताना दिसली की मला फार बरं वाटायचं. फुकटचा मोठेपणा, दुसरं काय.

एका वर्षी विझलेल्या पट्ट्यात सशाची दोन पिल्लं सापडली. जमिनीला चिकटून बसलेली, तशीच जळालेली.

"आवाज झाला की ती जास्तच गप बसत्यात," तात्या म्हणाले.

"मग डबा कशाला वाजवायचा?"

"पळणाऱ्यांसाठी."

 

पुढच्या वर्षी मी डबा घेतलाच नाही. हातानं गवत बाजूला करत चालले, तर बांधाजवळ तीन पिल्लं दिसली. माणसाचा हात लागला की आई जवळ घेत नाही, असं ऐकलं होतं. खरं की खोटं, कोण जाणे. मी उचलली नाहीत. त्या बाजूला काडी लावताना मी तेवढा तुकडा न जाळता सोडला आणि कुणाला सांगितलं नाही.

चारच दिवसांनी शेजारच्या रानात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं. आग नेमकी त्या तुकड्यातून आत शिरली आणि निम्मा माळ गेला. काळ्या जमिनीवर सरडे पडले होते, बिळाच्या तोंडाशी एक घोरपड. तीन जिवांसाठी मी एवढे मारले? की पाचट पेटवणाऱ्यानं मारले?

साहेब चौकशीला आले. मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "माझ्याकडनं ऱ्हायलं." दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर बोलावलं नाही. मी गप्पच राहिले. त्याची लाज वाटते.

महिनाभर त्यांचं घर चुकवून जात होते. शेवटी एका सकाळी गेले. काय बोलायचं ते वाटेत दहादा घोकलं होतं. मी उंबऱ्याशी बसले, तर त्यांनीच आधी विचारलं, "पिल्लं वाचली का गं?"

म्हणजे त्यांनी ती पाहिली होती.

आणि मी एकदाही त्या बांधाकडं बघायला गेले नव्हते.