निळा डबा बोलता होईपर्यंत

आवाजाच्या बाबतीत अख्ख्या घाटंजी तालुक्यात माझ्याएवढा जाणकार माणूस तुम्हाला सापडणार नाही! चाळीस वर्षं लग्नांत लाउडस्पीकर लावला. एकाही लग्नात आवाज बंद पडला नाही. म्हणजे, तीन लग्नं सोडून. आणि त्यातल्या तिसऱ्या लग्नात नवरदेवाचा बाप जोडा घेऊन माझ्यामागं धावला, ते सोडून. शिक्षण विचाराल तर सातवी. पण ती दोनदा केली, तेव्हा चौदावी धरायला हरकत नाही.

आता लाउडस्पीकर विकला आणि दिवसभर शबानाच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात बसतो. शबाना म्हणजे माझ्या रेडिओवाल्या दोस्ताची, रहीमभाईची पोरगी. तिच्या दुकानात जुन्या वायरींचा एक खोका आहे. एक वायर ओढली की पाच बाहेर येतात, आणि पाहिजे ती येतच नाही. इथले किस्सेही तसेच साचलेत. म्हणून आज एकच वायर घट्ट धरतो. देविदासच्या निळ्या डब्याची.

* * *

सोमवारी सकाळी देविदास मास्तर ऑटोतून उतरला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात शालीत गुंडाळलेला निळा डबा, आणि मागून ऑटोवाला कॉम्प्युटर घेऊन. देविदास हार्मोनियम शिकवतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याचा कॉम्प्युटर स्क्रीनवरचं सगळं त्याला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि हा कीबोर्डवर बोटं चालवतो, ती तुमच्या-माझ्यापेक्षा चौपट वेगानं.

पण मागच्या आठवड्यात वीज पडली आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा आवाज जळाला. म्हणून त्यानं उमरखेडच्या एका माणसाकडून हा वापरलेला डबा घेतला. हार्मोनियमचा माइक त्यात लावायचा आणि स्पीकरही त्यालाच लावून आवाज ऐकायचा. पण डबा गप्प! त्याचा ड्रायव्हर टाकायचा होता. ड्रायव्हर म्हणजे तो प्रोग्राम, ज्याच्यामुळं कॉम्प्युटर आणि डबा एकमेकांना ओळखतात. तो नसला की दोघं एका मांडवात बसलेले, भांडलेले व्याही. शेजारी बसतील, पण बोलणार नाहीत.

"शुक्रवारी अकरा वाजता पुण्याची एक मॅडम कॉम्प्युटरवर माझा डेमो घेनार आहे, शबानाताई," देविदास म्हणाला. "ऑनलाइन गानं शिकवायची नोकरी आहे. याच्या आधी तीन जागी नाही म्हटलं मले. एकानं तं न ऐकताच."

आमच्यातले वानखडे साहेब रिटायर पोस्टमास्तर. दुकानातलं सगळं इंग्रजी तेच वाचतात. ते फार गंभीरपणे म्हणाले, "आवाज नाही तं नाही. शुक्रवारपर्यंत स्क्रीनवर पाहून काम चालव न!"

देविदास शांतपणे म्हणाला, "चालवतो न साहेब. चार दिवस तुमचा चश्मा देता काय?"

साहेबांनी खरंच चश्मा काढून पुढं केला! मग त्यांच्या लक्षात आलं.

* * *

डब्यासोबत एक कागद होता. साहेब वाचायला लागले. "पहिले ड्रायव्हर टाकावा. ड्रायव्हर टाकून होईपर्यंत डबा कॉम्प्युटरले जोडू नये. 'जोडू नये' हे मोठ्या अक्षरात आहे."

तोपर्यंत मी जोडला होता! चाळीस वर्षांची सवय. हातात वायर आणि समोर भोक दिसलं की मी डोक्याला विचारत नाही. स्क्रीनवर गडबड झाल्याचा पिवळा त्रिकोण आला. कॉम्प्युटरनं डब्याला भलत्याच नावानं ओळखून घेतलं होतं. शबानानं ते सगळं पुसलं आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तेवढ्यात चहा आला, ती उठली, आणि मी...

"चाचा!" शबाना ओरडली. "आता दोन्ही हात मांडीखाली घ्या!"

पुन्हा पुसलं, पुन्हा चालू केला. तिसऱ्या वेळी मी अगदी मांजरासारखा उठलो. कोपऱ्यात चहा पीत बसलेला देविदास म्हणाला, "शबानाताई, काका निघाले."

"तुले कसं समजलं बे?"

"तुमच्या खालच्या खुर्चीनं सुटकेचा श्वास टाकला न!"

त्या दिवसापासून माझ्यावर देविदासचा पहारा. एवढी लोकं डोळे उघडे ठेवून माझ्या तावडीत सापडली, पण याच्यापुढं माझं काही चाललं नाही.

* * *

मंगळवारी ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा ठरला. पण रस्त्याच्या खोदकामात दुकानाच्या नेटची केबल तुटलेली. मोबाइलला रेंज यायची ती फक्त खिडकीजवळ, तीही छताला हात लागेल एवढ्या उंचीवर. आमच्यात सगळ्यात उंच वानखडे साहेब. त्यांना टेबलावर चढवलं आणि हातात मोबाइल दिला. शबाना म्हणाली, "हालू नोका साहेब. हालले की तुटते."

तासभर तो माणूस हात वर करून उभा! हात दुखला की दुसरा हात. येणारी गिऱ्हाइकं खालून नमस्कार करायची आणि साहेब वरून मान हलवायचे. एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, "हे साहेब वर काहून चढले बाप्पा?"

"उपोषण आहे," मी म्हणालो. "पेन्शनसाठी. बसून केलं तं सरकार पाहत नाही, म्हणून उभ्यानं करून राह्यले."

बाईला इतकं वाईट वाटलं, की तिनं पिशवीतली दोन केळी काढून साहेबांच्या रिकाम्या हातात ठेवली. उपोषणकर्त्यानं ती तिच्यासमोरच खाल्ली!

शेवटी शंभर टक्के झालं. शबानानं ड्रायव्हर चालवला. स्क्रीनवर आलं, की हा ड्रायव्हर नव्या कॉम्प्युटरसाठी आहे, तुमच्या जुन्याला चालणार नाही.

साहेबांनी वरून विचारलं, "मंग मी आता उतरू काय?"

"उभेच राहा," शबाना म्हणाली. "आता जुना उतरवतो."

* * *

हा पुढचा किस्सा माझाच आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

लग्नांत माझी एक युक्ती होती. ऐन मंगलाष्टकात पायानं हळूच एक वायर ढिली करायची. आवाज गेला, की सगळा मांडव हवालदिल! मग आपण घाम पुसत यायचं, वायर दाबायची, आणि आवाज परत. त्या दिवशी ताटात दोन लाडू जास्त पडायचे.

बुधवारी जुना ड्रायव्हर बसला. पिवळा त्रिकोण गेला. देविदास पुढं सरकून बसला. शबाना म्हणाली, "आता वाजवून पाह्यतो." आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला जुनी खाज सुटली! टेबलाखाली लोंबणारी स्पीकरची वायर अंगठ्यानं ओढून पिन डब्यातून काढली. म्हटलं, दोन मिनिटं घाम फुटू दे सगळ्यांना, मग आपण आहोतच.

पण मांडववाले वेगळे आणि शबाना वेगळी. आवाज येईना म्हणून त्या दोन मिनिटांत तिनं अख्खा ड्रायव्हर काढून टाकला! मग डोक्याला हात लावून म्हणाली, "डबाच मेला असन, मास्तर."

देविदासनं चाचपडत डबा जवळ ओढला आणि शालीत गुंडाळायला लागला. चारही कोपरे नीट दुमडून. "वापस देऊन देतो मंग," तो म्हणाला. "मॅडमले फोन करून सांगतो, जमत नाही म्हणून."

आयुष्यात मी कोणाला सोडलं नाही. व्याह्याला नाही, भटजीला नाही, खुद्द माझ्या बायकोला नाही. पण ती शाल दुमडताना पाहून माझ्याच्यानं बसवेना. पिन हातात धरून मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

शबाना माझ्याकडं अशी पाहत होती, की मी भिंतीवरच्या तिच्या बापाच्या, रहीमभाईच्या फोटोकडं पाहायला लागलो. तिथंही तेच डोळे! मग देविदासच म्हणाला, "काका, लग्नात तुमाले लाडू भेटत होते. इथं काय भेटणार होतं?"

"साहेबाच्या हातात एखादं केळ उरलं असन म्हटलं," मी म्हणालो.

पहिल्यांदा देविदासच हसला. मग शबाना. पण हसून झाल्यावर तिनं मला शिक्षा सांगितली. शुक्रवारपर्यंत सगळ्यांसाठी रोज तर्री-पोहे मी आणायचे, आणि माझी खुर्ची दाराबाहेर.

* * *

गुरुवारी ड्रायव्हर पुन्हा टाकला. सगळं बरोबर, हिरवी खूण आली, आणि आवाज नाही! सगळ्यांनी दाराकडं वळून पाहिलं. मी बाहेरूनच दोन्ही हात वर केले, दोन्ही पायही वर केले.

शबानानं पंधरा मिनिटं डोकं खाजवलं. मग टेबलावर थाप मारली. कॉम्प्युटर आवाज पाठवत होता, पण डब्याकडं नाही, स्क्रीनकडं! आणि त्या स्क्रीनला स्पीकरच नाही. म्हणजे सकाळपासून तो बिचारा बोलत होता, पण ज्याला तोंडच नाही त्याच्या तोंडून. शबानानं यादीतून डब्याचं नाव निवडलं, आणि...

टरटरटरटर! ज्वारीचं पोतं फाटावं तसा आवाज!

"बिघडला!" वानखडे साहेब किंचाळले. "बंद कर, बंद कर!"

"नाही साहेब," देविदास म्हणाला. "तो बोलून राह्यला. मी असाच ऐकतो, तिप्पट वेगानं."

"काहून?"

"तुम्ही एक पान वाचता तवा माझी तीन होतात. उरलेल्या वेळात काकाकडं ध्यान द्या लागते न."

"मंग काय म्हणते तो?" मी दारातून विचारलं.

"म्हणते, आवाज शंभर टक्के."

त्यानं तळहात डब्यावर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आम्हीही उगाच इकडंतिकडं पाहत राहिलो.

* * *

देविदासला ती नोकरी लागली, हे आधीच सांगून टाकतो. उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण लागली कशी, ते ऐका.

नेटची केबल जोडून मिळाली होती, म्हणून डेमो दुकानातच. शुक्रवारी अकराला शबानानं मला आत घेऊन शटर अर्धं खाली ओढलं. स्क्रीनवर मॅडम आल्या. देविदासनं हार्मोनियम असं वाजवलं, की वानखडे साहेब डोळे मिटून डुलायला लागले. मॅडम म्हणाल्या, "छान! आता शिकवून दाखवा. तिथं कोणी अगदी नवीन विद्यार्थी मिळेल का?"

शबानानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांना लगेच खोकला आला. उरलो मी! शबानानं माझ्या कानात सांगितलं, "चाचा, आज मस्करी केली तं दुकानात पाय ठेवू देनार नाही."

कशाची मस्करी! मांडी घालून देविदाससमोर बसलो. त्यानं सा दिला. मीही दिला.

"थोडं वर काका."

मी वर गेलो.

"तेवढं नाही. खाली या."

मी खाली आलो.

"आता घरी गेलात काका, वापस या."

त्यानं माझा हात हार्मोनियमच्या लाकडावर ठेवला. म्हणाला, कानानं नाही तं हातानं ऐका. तोंड मिटून गुणगुणायला लावलं. मग श्वास मोजायला लावला. वीस मिनिटं! एकदाही आवाज चढवला नाही त्यानं. मी तर घामानं निथळत होतो. सातवीच्या दोन्ही वेळा मिळून एवढं मन लावून शिकलो नव्हतो. आणि तो निळा डबा! इतका स्वच्छ आवाज धाडत होता, की माझा एकही बेसूर वाटेत सांडला नाही. सगळे जसेच्या तसे पुण्याला पोचले. मॅडमनी मधे एकदा हेडफोन काढून कान चोळले आणि पुन्हा घातले.

शेवटी त्या म्हणाल्या, "मास्तर, एक विचारू? रागावू नका. हे काका मुद्दाम करताहेत का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी काही मुद्दाम करत नव्हतो, आणि पहिल्यांदाच कोणी तसं विचारत होतं! मी बोलायला तोंड उघडलं. पण देविदासनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं आणि अगदी अदबीनं म्हणाला,

"नाही मॅडम. मुद्दाम करतात तेव्हा ते याच्यापेक्षा सुरात असतात."