ताटाबाहेरचे जेवण

"ऑपरेशन आज नाही. आधी दहा किलो वजन उतरवा, मग या," सर्जन म्हणाले.

सुलभा, माझी पत्नी, तपासणीच्या टेबलावरून उतरून साडी सारखी करत होती. वय चव्वेचाळीस, वजन चौऱ्याऐंशी किलो. बेंबीच्या वर लिंबाएवढी गाठ दिसत होती. खोकल्यावर ती मोठी व्हायची आणि आडवे झाल्यावर आत जायची. निदान होते अंबिलिकल हर्निया. म्हणजे बेंबीपाशी पोटाच्या स्नायूंना भोक पडते आणि आतला भाग तिथून बाहेर डोकावतो. उपाय शस्त्रक्रिया. पण पोटावर चरबीचा थर जाड असेल तर टाक्यांवर ताण येतो आणि हर्निया पुन्हा होऊ शकतो. म्हणून थांबायचे.

थांबण्यातही धोका होता. सर्जनांनी बजावले, "कधी गाठ आत गेली नाही, दुखायला लागली, उलट्या झाल्या तर घरी थांबू नका. आतडं अडकलं तर रक्तपुरवठा बंद पडतो. त्याला स्ट्रँग्युलेशन म्हणतात. मग वजन-बिजन बघत बसायला वेळ नसतो."

ही शहाण्णवच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. आम्ही तेव्हा बेलापूरला राहत होतो. घरात पाच माणसे: माझी आई, आम्ही दोघे, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दहावीतला मुलगा. सुलभा जवळच्या शाळेत सकाळच्या सत्रात शिकवायची. मी एका वृत्तपत्रात उपसंपादक होतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर शस्त्रक्रिया करायची, असे ठरले. हातात सहा महिने होते.

रुग्णालयाने एक छापील तक्ता दिला. सकाळी नाश्ता, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर डाळ, भाजी, कोशिंबीर, रात्री तेच थोडे कमी. तळलेले बंद, साखर बंद. अवघड काही नव्हते.

मी एक वही केली. तारीख, वेळ, पदार्थ, प्रमाण असे रकाने आखले. रविवारी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर वजन करायचे आणि शेवटच्या रकान्यात लिहायचे. वही एक दिवसही चुकली नाही.

पाच आठवड्यांत वजन एक किलो उतरले. पुढच्या दोन आठवड्यांत काहीच नाही.

सुलभाने दुपारची एक पोळी कमी केली. काटा तिथेच राहिला, तेव्हा तिने डाळ आणि रात्रीच्या पोळ्या बंद केल्या. रात्रीच्या ताटात दोन चमचे भाजी आणि काकडी उरली. मी तसे वहीत लिहिले. आई म्हणाली, "अगं, हवा खाऊन जाड होतेस की काय तू?" मुले हसली. सुलभाही हसली.

जानेवारीत तिला जिना चढताना धाप लागू लागली. केस गळत होते. एकदा वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तिला चक्कर आली आणि दोन मुलींनी धरून खुर्चीवर बसवले. हे तिने मला चार दिवसांनी सांगितले.

त्या रविवारी मासळी आणायला मी गेलो. जवळच्या दिवाळे गावच्या हिराबाय आमच्या नेहमीच्या कोळीण. टोपलीवरचा फडका बाजूला करत त्यांनी विचारले, "बाय नाय आली?"

"बरं नाही तिला. पाच बांगडे द्या."

"पाच? बाय त चारच नेते नेमी. मानसं पाच हायत ना तुमी? एक जन उपाशी का?"

"तिला मासे फारसे आवडत नाहीत."

हिराबाय मोठ्याने हसल्या. "आवडत नाय? मंग घासाघीस करताना त्या बांगड्याकडं डोलं लावून कशाला बघते?"

मी पाच बांगडे घेऊन घरी आलो. त्या बोलण्याचा विचार तेव्हा केला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी गाठ आत जाईना. सुलभा भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा चेहरा घामाने ओला होता. रिक्षाने रुग्णालयात नेले. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी तिला आडवे झोपवले, पाय दुमडायला लावले आणि बोटांनी हळूहळू दाबत गाठ आत बसवली. वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांत बाहेरच्या बाकावर मी काय करत होतो ते मला आठवत नाही. एवढेच आठवते, की समोर लसीकरणाचा तक्ता होता आणि मी तो पुन्हा पुन्हा वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी रक्ताचे अहवाल आले. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक, साडेआठ होते. बारा तरी हवे होते. टोटल प्रोटीन, म्हणजे रक्तातली एकूण प्रथिने, तीही कमी. वजन ब्याऐंशी किलो.

सर्जनांनी कागद टेबलावर ठेवले. "वजन जवळजवळ तेवढंच आणि रक्त अर्धं. हे उलटंच चाललंय. आज फाडलं तर जखम भरणार कशाने? टाके धरायला अंगात काहीतरी लागतं हो." त्यांनी आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले.

बाई तिशीच्या असतील. त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून वाचली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "फार नीट ठेवलीये. एवढंच खाऊन यांचं वजन ब्याऐंशीवर राहणार नाही. तुम्ही लिहिता कधी?"

"माझं जेवण झाल्यावर."

"आणि या जेवतात कधी?"

"आमचं सगळ्यांचं झाल्यावर."

"मग यांनी काय खाल्लं ते तुम्हाला कसं कळतं?"

"ताट वाढून झाकून ठेवलेलं असतं. ते बघून लिहितो."

बाईंनी वही मिटली. आमच्या धंद्यात याला घटनास्थळी न जाता बातमी देणे म्हणतात. असे करणाऱ्या बातमीदारांना मी स्वतः फैलावर घेतले होते.

बाई सुलभाकडे वळल्या. "ताटाव्यतिरिक्त काय खाता?"

"काही नाही."

"ओटा आवरताना?"

सुलभाने पदर सारखा केला. मग म्हणाली, "ते जेवण थोडंच आहे? उरलेलं असतं ते. टाकायचं का अन्न?"

"काय काय उरतं?"

तिने सांगायला सुरुवात केली. कुकरच्या तळाचा भात. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी. मुलीने बाजूला सारलेले बटाटे. भाजीच्या कढईत राहिलेल्या तेलात कालवलेले दोन घास. कालची पोळी कुस्करून परतलेली, तीही घट्ट झालेल्या शेवटच्या साईबरोबर. आणि माझ्या ताटातला भात. मी दुसऱ्यांदा भात घेतो आणि त्यातला थोडा ठेवतो. वीस वर्षे ठेवतो आहे. तो कुठे जातो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"आमटी उरते?" बाईंनी विचारले.

"नाही. आमटी सगळ्यांना आवडते."

"अंडी, मासे?"

"ते कसं उरेल?"

"म्हणजे तुमच्या वाट्याला भात, पोळी आणि तेल. डाळ नाही, मासा नाही, भाजी नावाला. वजन त्या भातातेलाने राहतंय आणि रक्त डाळीवाचून घटतंय. तुम्ही कमी खात नाही आहात, ताई. तुम्ही चुकीचं खाताय, आणि ताटातलं बरोबर होतं तेवढंच कमी करत गेलात."

सुलभा रडली नाही. तिने फक्त विचारले, "मग उरलेल्याचं काय करू?"

"तुम्ही काही करू नका. ज्याचं उरेल त्याने बघावं."

नवा तक्ता जुन्यापेक्षा मोठा होता. नाश्त्याला अंडे किंवा मोड आलेली मटकी. दोन्ही जेवणांत भाकरी, मोठी वाटी घट्ट वरण, पालेभाजी. आठवड्यातून तीनदा मासा, कमी तेलात. भात एक वाटी. लोहाच्या गोळ्या, त्यावर लिंबूपाणी, आणि चहा गोळीनंतर दोन तासांनी. शेवटी बाईंनी हाताने एक ओळ लिहिली: पाचही जणांनी एकत्र बसावे, यांचे ताट आधी वाढावे.

ही ओळ घरात सर्वांत जड गेली. आई म्हणाली, "सुनेचं ताट आधी? आमच्या वेळी सासूबाई उठल्याशिवाय पाण्याला हात लावत नव्हतो. डॉक्टरीण सांगते म्हणून मी आता वाढपीण होऊ का?" तीन दिवस ती स्वयंपाकघरात वेगळी जेवली. चौथ्या दिवशी ताट घेऊन बाहेर आली. "एकटीला गिळवत नाही," म्हणाली आणि सुलभाच्या शेजारी बसली. जरा वेळाने सुलभाच्या ताटाकडे बघून मला म्हणाली, "तिला वरण वाढ की रे, बघत काय बसलायस?"

पहिले काही दिवस सुलभाला बसवत नसे. घास घेऊन ती उठायची, कुणाला मीठ हवे, कुणाला पाणी. मुलगी तिचा पदर धरून खाली बसवायची. मी भात एकदाच घेऊ लागलो. मुलाने ठेवलेली पोळी दुसऱ्या दिवशी त्याच्याच डब्यात गेली. त्याची बडबड आठवडाभर चालली, मग पोळी उरेनाशी झाली.

ताट भरले आणि वजन उतरू लागले. आठवड्याला अर्धा किलो, कधी पाव, कधी काहीच नाही. सकाळी दोघे खाडीच्या बाजूला चालायला जात होतो, तेवढाच व्यायाम. वही मी तिला दिली. ती स्वतः लिहायची, ओट्यापाशी तोंडात टाकलेले दोन शेंगदाणेसुद्धा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वजन साडेपंचाहत्तर होते आणि हिमोग्लोबिन साडेअकरा. ठरवलेले दहा किलो पुरे झाले नव्हते. सर्जनांनी अहवाल पाहिला, पोट तपासले आणि म्हणाले, "आता करू." शस्त्रक्रियेला दीड तास लागला. भोकावर मेश, म्हणजे बारीक जाळी, बसवली.

तुमच्या घरात कुणाला वजन उतरवायला सांगितले असेल, तर तक्ता भिंतीला लावण्याआधी ती व्यक्ती कधी, कुठे आणि कुणानंतर जेवते ते पाहा. मी जवळजवळ तीन महिने एका ताटाची नोंद ठेवली आणि माणूस स्वयंपाकघरात उभा होता. हे वेळेत विचारणाऱ्या त्या बाईंचे आमच्यावर ऋण आहे. माझ्या हातून उशीर झाला. तरी सारे निभावून गेले, याचे श्रेय मला नाही.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी सुलभाला पहिले पूर्ण जेवण मिळाले. वरण, मऊ भात, दुधी, उकडलेले अंडे. मी खाटेशेजारच्या स्टुलावर होतो. तिने अंडे संपवले, वरण संपवले, दुधी खाल्ला आणि हात थांबवला. वॉर्डातल्या मावशी ताट न्यायला आल्या.

"अहो मॅडम, भात राहिला की."

"राहू द्या, मावशी," सुलभा म्हणाली. "पोट भरलं माझं."