लहानू मामांचा भुंगा

नवऱ्यालासुद्धा मी हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, तेही दातओठ खात — स्वतःवरच.

नाशिकच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. लहानू मामा आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई, पेठकडच्या डोंगरातले. एका उन्हाळ्यात गावाहून येताना त्यांनी माझ्यासाठी एक भुंगा आणला. नखाएवढा, हिरवा, कडेला तांब्याची झाक. ऐनाच्या वाळक्या खोडातून निघालेला. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांची होती नव्हती ती पुस्तकं मी चाळली — हा कुठेच नाही. नवी जात!

टाचणीवर लावला, फोटो काढले आणि — फोन आला होता की घाई होती? काय फरक पडतो आता? त्याची डबी माझ्याच हातून उघडी राहिली. सोमवारी पाहिलं तर मुंग्यांनी फडशा पाडलेला. उरले होते नुसते कवचाचे तुकडे.

"डबी कुणी उघडी टाकली?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"शनिवारी झाडायला मामा होते," मी म्हणाले.

एवढंच. याला खोटं तरी म्हणायचं का? — म्हणायचं. खोटंच होतं ते! आणि सरांनी पुढे काही विचारलंही नाही. शिपायाची चूक म्हटल्यावर पुरावा लागतो कुणाला? त्याच आठवड्यात मामांना गेटवर बसवलं. मला सरांचा संताप यायचा. किती सोयीचा संताप!

पुढच्या उन्हाळ्यात मामा रजेवरून आले ते थेट माझ्याकडे. हातात औषधाची बाटली, आत तसलाच भुंगा — जिवंत.

"म्याडम, लय हिंडलो. सगळी रजा ऐनाच्या खोडांपाशी गेली," ते म्हणाले. "तुमचं नुकसान माझ्याच हातनं झालं ना. झाडताना डबीला धक्का लागला असंल, मला ध्यानात नाय."

कळलं तुम्हाला? त्यांना ते खरं वाटत होतं. मी घातलेला आळ त्यांनी वर्षभर मनात घोळवून स्वतःचा करून टाकला होता. आणि मी समोर उभी. तोंड होतं ना मला?

"असू द्या मामा," मी म्हणाले. "होतं असं."

माफ केलं मी त्यांना! मी!

त्या भुंग्यावर माझा शोधनिबंध छापून आला. तो कुणी शोधला, त्या जागी माझं नाव आहे. मामा गेटवरूनच निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांदेखत म्हणाले, "म्याडमनी मला सांभाळून घेतलं."

मी टाळ्या वाजवल्या.